मुरलेलं मडकं

आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द कधी एकटा येत नसे. यायचा तो ‘दवादारू’ असा, दवेचं बोट धरून. आम्ही लिंगायत. शिंदीच्या दुकानावरून जाताना सासूबाई तोंडाला पदर लावायच्या, आणि कळंबच्या बाजाराची वाट नेमकी त्याच दुकानावरून जायची, त्यामुळं बाजाराच्या दिवशी अर्धा वेळ त्यांचा पदर तोंडालाच असायचा. अशा घरातली मी सून, आणि आज गल्लीत मला ‘आसवाच्या बाई’ म्हणतात. आसव म्हणजे काय, हे उगीच सोवळ्यात गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही. मनुका, गूळ आणि पाणी मडक्यात कोंडून ठेवायचं, ते फसफसू द्यायचं आणि त्यात जी किंचित धुंदी उतरते तिच्यासकट गाळून घ्यायचं. साहेबलोक त्याला वाइन म्हणतात, वैद्य द्राक्षासव म्हणतात. फरक मसाल्याचा आणि पिणाऱ्याचा.

लोक विचारतात, कुठं शिकलात. मी सांगते, घरीच. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी ते माझ्या नवऱ्यावर शिकले.

माझे मालक तहसील कचेरीसमोर अर्ज लिहायचे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, त्याच्या मालकीचं काही असो नसो. निजामाचं राज्य होतं, कारभार सगळा उर्दूत, आणि खेड्यातून आलेल्या माणसाला मराठीतसुद्धा फक्त अंगठा उठवता यायचा. मालक चटई टाकून, मांडीवर उतरता पाट घेऊन बसायचे. समोरचा आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचा आणि मालक ते उर्दूत असं सजवायचे, की वाचून दाखवल्यावर त्या माणसालाच वाटायचं, एवढं मोठं दुःख आपलं होतं का. घरी येऊन मला त्यातले शब्द शिकवायचे. भाकरी करपली की म्हणायचे, “हुजुरांच्या खिदमतीत अर्ज आहे, की भाकरी जळून खाक झाली.” मला राग यायचा आणि हसूही यायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढीच माणसं.

दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांतला एक आषाढ. मालकांना खोकला लागला आणि तो गेलाच नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. श्रावणात एकदा त्यांनी तोंड पुसलेला पंचा मी धुवायला घेतला, तर त्यावर लाल ठिपका. मी तो दोनदा धुतला आणि कुणाला सांगितलं नाही. धाराशिवला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी छाती ठोकून बघितली आणि दूध, अंडी, मोकळी हवा असं सांगितलं. अंडी आमच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. हवा मोकळीच होती. दूध मालकांना जाईना. खोकल्याचं खरं नाव घरात कुणी घेतलं नाही, ‘खोकला’च म्हणत राहिलो.

मला खोकल्याची भीती वाटली नाही, तेवढी त्यांच्या ताटाची वाटली. आधी दोन भाकऱ्या खायचे. मग दीड झाली, मग एक, मग अर्धी, आणि शेवटी ती अर्धीही कोर मोडून तशीच ठेवायचे. शिल्लक भाकरी मी उचलून गाईपुढं ठेवायची. माझं मागणं लई मोठं नव्हतं. त्यांनी एक भाकरी पुरी खावी आणि मी ती खाताना बघावी, बस्स.

मठातले स्वामी वैद्यकी करायचे. म्हातारे होते, पायी गावोगाव फिरायचे, आणि त्यांच्या शब्दावर सासूबाईंचा फार भरवसा. ते आले, ओसरीवर बसले, नाडी बघितली. मी दाराआड उभी. सुनेनं स्वामींसमोर येऊन बोलायची रीत नव्हती, ऐकायचं ते फळीला कान लावून.

“आसव पायजे ह्याला,” स्वामी म्हणाले. “द्राक्षाचं. भूक लागंल, ताकद यील. माझ्याकडचं सरलं बगा. लढाईपायी बाटलीतलं बी येईना झालंय. घरीच घाला की, अवघड न्हाय.”

सासूबाईंनी भीतभीत विचारलं, “स्वामी, ते चढतंय म्हणत्यात.”

“औषध हाय ते. ज्याला सांगितलं त्यानं घ्यावं.”

मग त्यांनी कृती सांगितली. मी बोटाच्या पेरांवर धरत गेले. काळे मनुके धुऊन पाण्यात उकळायचे, चौथा हिस्सा पाणी राहीपर्यंत. कुस्करून गाळायचं. पुरतं गार झाल्यावर गूळ. मग लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरे, पिंपळी कुटून. आणि धायटीची फुलं. ती त्यांनी आपल्या झोळीतून पुरचुंडी काढून दिली. सुकलेली, तांबडी, अगदी क्षुल्लक दिसणारी फुलं. त्यांच्यामुळंच सगळं उठतं, म्हणाले. तोंड बांधून, मातीनं लिंपून, भुसकटात पुरून चाळीस दिवस.

“आन् मडकं कोरं घिऊ नका,” उठता उठता ते म्हणाले. “चांगलं मुरलेलं घ्या.”

एवढं बोलून ते पुढच्या गावाला गेले. आता परत येणार ते थेट कार्तिकात.

मुरलेलं. हा शब्द मी आजवर हजार वेळा तोंडात घोळवला असेल. माझं माहेर तेरजवळ, तेरणेच्या काठी. आमच्या घरात मुरलेलं मडकं एकच होतं, आंबिलीची बिंदगी. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवायचं आणि बिंदगीत रात्रभर ठेवायचं. सकाळी आंबील तयार. नव्या बिंदगीत आंबील धड आंबत नाही. वर्षानुवर्षं आंबटपणा मातीत जिरलेला असला, की पीठ टाकायची खोटी. म्हणून बिंदगी घासायची नाही, नुसती विसळायची. आईनं लग्नात भांडीकुंडी बेतानंच दिली, पण स्वतःची बिंदगी दिली. “मुरलेली हाय, जपून वापर,” म्हणाली होती. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या आमच्या त्या अवसेला, घागरभर आंबील शेतात न्यायची असते; तेव्हा माझ्या बिंदगीतल्या आंबिलीची शेजारच्या बांधावरून मागणी यायची.

तेव्हा मी कुठलं मडकं घेतलं असेल हे सांगायला नको. सासूबाईंनीही मान हलवली. “ह्येच बरं. ह्याच्याएवढं मुरलेलं घरात दुसरं न्हाय.” आणि आम्ही दोघींनी मोठ्या श्रद्धेनं, उदबत्ती लावून, आसव त्या बिंदगीत घातलं.

मला गर्व झाला होता, खोटं का बोलू. जे काम वैद्य करतात ते माझ्या माहेरच्या भांड्यात होणार होतं. रोज भुसकटाच्या खोलीत जाऊन मी बिंदगीला कान लावायची. आत बारीक आवाज यायचा, चुरचुर, कुणीतरी कुजबुजावं तसा. मालक ओसरीवरून विचारायचे, “काय म्हणते बाई?” मी सांगायची, “भूक लागंल म्हणतीय.” ते म्हणायचे, “बघू, खोटं बोलली तर अर्ज करू वर.”

चाळिसाव्या दिवशी लिंपण फोडलं. आंबट वास नाकात असा घुसला, की सासूबाई मागं सरल्या आणि मग खूश झाल्या. आंबवायचं होतं, आंबलं. आंबलं म्हणजे झालं. आमच्या दोघींच्या अकलेनं आंबट वास ही कामाची पावतीच होती. फडक्यानं गाळून बाटलीत भरलं. रंग मात्र फार सुंदर आला होता.

चाखलं नाही. मी नाही, सासूबाईंनी तर नाहीच नाही. गळ्यात लिंग आणि जिभेवर ते, हे आम्हाला जमणारं नव्हतं. आजाऱ्याला परवानगी होती, आम्हाला नव्हती. पितळी पेल्यात दोन पळ्या आसव, दोन पळ्या पाणी, जेवण झाल्यावर. मी स्वतः नेऊन द्यायची.

पहिल्या दिवशी त्यांनी पेला तोंडाला लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मी विचारलं, “कसं हाय?”

“औषध हाय,” म्हणाले. “तरतरी आली बग.”

दुसऱ्या दिवशीही तसंच. डोळे मिटायचे, घोट घ्यायचे, गळा एकदा वरखाली व्हायचा, आणि रिकामा पेला माझ्या हातात. रोज दोनदा. कधी ‘नको’ म्हणाले नाहीत, कधी थेंब टाकला नाही. घसा बसला, आम्ही म्हटलं हवा बदलली. खोकला वाढला, सासूबाई म्हणाल्या, “रोग उसळून भाईर पडायलाय.” भाकरी दोन घासांवर आली. मी म्हटलं, अजून अंगी लागलं नाही, दोनाच्या तीन पळ्या करू. केल्या. त्यांनी त्याही घेतल्या. दिवाळी त्यातच गेली. तीन आठवडे मी त्यांना ते पाजत होते.

कार्तिकात स्वामी आले. ओसरीवर बसले, मालकांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “आसव दावा बरं.” सासूबाईंनी बाटली नेऊन दिली. त्यांनी नुसता वास घेतला. मग करंगळी बुडवून जिभेला लावली आणि ओसरीच्या कडेला जाऊन थुंकले.

“ह्यो सिरका झालाय, घसा सोलणारं आंबट पाणी,” ते म्हणाले. “कवापासून देयलाव?”

सासूबाईंनी दिवस सांगितले. मी दाराआडून ऐकत होते.

“मडकं कोणचं घेतलं?”

सासूबाईंनी सांगितलं. स्वामींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या वैद्यकीत मुरलेलं मडकं म्हणजे तुपात मुरलेलं. वर्षानुवर्षं तूप ठेवलेलं, मातीची भोकं तुपानं बुजलेलं, ज्यात बाहेरचं काही शिरत नाही आणि आतलं काही पाझरत नाही असं. एवढं साधं. त्यांना वाटलं, हे कुणाला सांगायला लागतं होय. मला वाटलं, हे कुणाला विचारायला लागतं होय. मध्ये एक फळी होती आणि त्या फळीच्या अलीकडं मी होते.

ते सासूबाईंना म्हणाले, की सिरक्यानं माणसाला काही होत नाही, रोगच पुढं गेलाय, पोरीला दोष देऊ नका. पुढं एका डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी कुणी ते तीन आठवडे प्यायलं नव्हतं.

मी रीतभात सोडून ओसरीवर आले. स्वामींसमोर, सासूबाईंसमोर, मालकांना विचारलं, “तुमी काहून बोलला न्हाईत?”

मालक भिंतीला टेकून बसले होते. घसा बसलेला, त्यामुळं हळू बोलले. “म्या कवा पिलोय आसव? मला वाटलं, असंच असतंय.”

मला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. जन्मभर आंबील खाल्लेला माणूस, आंबट कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नसेल का, हा विचार माझ्या डोक्यात आला होता. मी तो तिथंच दाबला. तो विचार पुरा केला असता तर मला त्या दिवशी उभं राहता आलं नसतं.

स्वामींनी मला समोर बसवलं. “आता दारामागनं न्हाय,” म्हणाले. “जे कळलं न्हाय ते ईचारायचं. आन् ध्यानात ठेव, जी घालती तिनं चाखायचं. दुसऱ्याच्या तोंडात द्यायच्या आदी आपल्या.” सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण तुपाचं मडकं त्यांनीच रिकामं करून दिलं, त्यांच्या सासूच्या वेळचं. बिंदगी मी उकिरड्यावर नेऊन फोडली. आईची होती. एका दगडात फुटली नाही, तीन घालावे लागले.

दुसरं आसव स्वामींसमोर घातलं. मनुके पुन्हा आणले, फुलं पुन्हा त्यांच्या झोळीतून आली. गूळ घातल्यावर किती गोड लागलं पाहिजे, मडकं किती रितं ठेवायचं, म्हणजे फसफसायला जागा राहते, लिंपणाला तडा गेला तर काय करायचं, सगळं मी तोंडानं विचारून घेतलं. ती कार्तिकी अवस होती. म्हणजे मार्गशीर्षाची अवस गेल्यावर दहा दिवसांनी आसव तयार होणार.

मालक तेव्हा अंथरुणाला लागले होते, पण तोंडाची टवाळी गेली नव्हती. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, आबकारीवाल्यांच्या कानावर गेलं तर पंचाईत होईल, घरात भट्टी लावली म्हणतील. सासूबाई घाबरल्या. मालकांनी बोरू मागितला. पाट छातीशी धरून, मध्ये थांबत, श्वास घेत, एक चिटोरं लिहिलं आणि मला मडक्यावर चिकटवायला सांगितलं. उर्दूत होतं. मी विचारलं, काय लिहिलंय.

त्यांनी वाचलं, “हुजूर सरकारच्या खिदमतीत अर्ज, की ह्यात दारू न्हाय, दवा हाय. बनवणारी नवशिकी हाय. पयला गुन्हा माफ झालेला हाय.”

मी चिटोरं मडक्यावर चिकटवलं आणि भुसकटाच्या खोलीत बसून रडले. माफ झालेला आहे, असं लिहिलं होतं. मी माफी मागितलीच नव्हती. मागायची कशी, हे मला कळत नव्हतं, आणि ते त्यांना कळलं होतं.

दिवस मोजणं हेच माझं काम झालं. तूप ठेवलेलं मडकं बिंदगीसारखं कुजबुजत नाही, लांबून पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. मी कान लावायची आणि मालकांना येऊन सांगायची. मालक आता विचारत नसत, ऐकत तेवढे. पथ्य मी कडक धरलं. आंबट नाही, तेलकट नाही, गार नाही. स्वामींनी सांगितलं त्याच्यापेक्षाही कडक. पहिल्या वेळी चुकले होते, म्हणून आता तीळभर चुकायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

येळवस आली, तिसावा दिवस होता. शेत बटईनं दिलेलं, पण पूजेला घरचं माणूस लागतं. सासूबाई शेजारणीकडून मागून आणलेल्या भांड्यात केलेली आंबील आणि पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी घेऊन सकाळी शेतात गेल्या. गल्ली ओस पडली. त्या दिवशी कळंबात माणूस सापडत नाही, सगळे रानात. घरात आम्ही दोघंच. चुलीपाशी भांड्याच्या तळाला वाटीभर आंबील राहिली होती. लसूण-जिऱ्याचा वास घरभर होता.

मालकांनी हाक मारली. मी जाऊन जवळ बसले.

“थोडी आंबील दे की,” म्हणाले. “आज येळवस हाय.”

महिना झाला होता, त्यांनी खायला काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, “आंबट चालत न्हाय. स्वामींनी सांगितलंय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले.

“आता व्हय?” म्हणाले.

एवढंच. आता व्हय. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली. तो दाबलेला विचार त्या दोन शब्दांनी पुरा झाला. त्यांना माहीत होतं. पहिल्या घोटापासून माहीत होतं. सोललेल्या घशावरून तीन आठवडे, दिवसातून दोनदा, माझ्याकडं बघून, डोळे मिटून. मी दाराशी उभी राहून ‘कसं हाय’ विचारायची, आणि माझ्या तोंडावर जे काही असेल ते बघून त्यांनी ‘तरतरी आली’ म्हटलं असेल.

हे सगळं कळल्यावर तरी मी ती वाटी आणून द्यायची की नाही? नाही दिली. मी म्हणाले, “धा दिवस थांबा. आसव झालं की त्याच्यावर काय पायजे ते खावा. घागरभर आंबील करून देते.” ते म्हणाले, “बरं.” हट्ट केला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “वास लई छान सुटलाय.” ती वाटीभर आंबील मी संध्याकाळी गाईपुढं ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते, तेव्हा सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. पिठाचे हात तसेच घेऊन मी गेले.

लोक म्हणतात, दुःख काळानं बोथट होतं. माझं झालं नाही. मी त्यांना सिरका पाजला, ही चूक होती, तिला कारण होतं, शब्द होता, फळी होती. आंबील दिली नाही, ह्याला काही नाही. ते मी डोकं ठिकाणावर ठेवून, नीट विचार करून केलं. वाटीभर आंबिलीनं त्यांचं काय बिघडणार होतं? त्यांचं बिघडायचं काय राहिलं होतं? एक माणूस महिन्यानं तोंड उघडून काही खायला मागतो आणि त्याची बायको त्याला पथ्य सांगते. मला अजून कधीकधी स्वतःच्या कानाखाली ठेवून द्यावीशी वाटते.

आसव मी विसरले होते. स्वामी विसरले नव्हते. आमच्यात सुतक पाळत नाहीत. बरोबर चाळिसाव्या दिवशी ते आले आणि म्हणाले, मडकं काढ. मी म्हणाले, उकिरड्यावर ओतून द्या. ते म्हणाले, “ओतायचं काय? तयार झालंय ते.” मला त्यांचा संताप आला. पण म्हातारा माणूस स्वतः वाकून भुसकट उकरायला लागला, तेव्हा मी पुढं झाले.

लिंपण फोडलं. वास आंबट नव्हता. मनुक्यांचा, लवंगेचा, आणि खाली काहीतरी ऊन-ऊन. स्वामींनी पळी माझ्यासमोर धरली. “चाख.” सासूबाई तिथंच बसल्या होत्या. त्या ह्या वेळी तोंड न फिरवता म्हणाल्या, “चाख गं बाई.” मी चाखलं. गोड होतं, तुरट होतं, जिभेला किंचित चावलं, आणि गळ्यातून उतरताना पोटापर्यंत ऊब गेली. लगेच भूक लागली. मालक गेल्यापासून मी धड काही खाल्लं नव्हतं आणि मला भूक लागली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्यांच्यासाठी घातलेल्या आसवानं मला भूक लागली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन, उभ्यानं, एक पुरी भाकरी खाल्ली.

बाकीचं आसव स्वामी घेऊन गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला कासाराचं घर होतं. त्याची बायको तिसऱ्या बाळंतपणानंतर उठलीच नव्हती. अन्न जात नव्हतं, दूध आटलं होतं, मूल रडून रडून निपचित व्हायचं. तिला ते सुरू केलं. आठ-दहा दिवसांनी मला तिच्या मुलाचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. पुढं ती स्वतः आडावर दिसली, कळशी घेऊन. गालावर मांस आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “बग, जगली बिचारी.” मी घरात निघून आले. मला आनंद झाला नाही, हे मी लपवत नाही. मला तिचा राग आला. ते तिच्यासाठी नव्हतं. तिनं काय केलं होतं ते मिळवायला? तीन आठवडे सिरका ज्यानं प्याला, त्याचं होतं ते.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी ती दारात आली. मी ओसरीवर ज्वारी निवडत होते. ती आली आणि उभी राहिली. उपकार झाले की माणूस काहीतरी घेऊन येतं. तिच्या घरात होत्या बांगड्या, दुसरं काही नव्हतं, आणि त्या माझ्या दारात आणता येत नव्हत्या. मोकळ्या हातांनी आली होती, त्यामुळंच अवघडली होती. खाली बसली आणि एकदम माझा उजवा हात हातात घेतला. बायकांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवण्यात तिचा जन्म गेला होता. सवयीनं तिनं माझी बोटंही तशीच चेपली, जरा वेळ, आणि मग तिच्या ध्यानात आलं आणि थांबली. पण हात सोडला नाही.

“बाई,” ती म्हणाली, “तुमच्या हाताला लई गुण हाय.”

त्या घटकेला मी तिला सगळं सांगू शकले असते. ह्या हातानं काय पाजलंय, आणि ह्या हातानं काय दिलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यात पाणी, काही लागलं तर पाय धरायच्या तयारीत. मला मालकांचे मिटलेले डोळे आठवले. ज्याच्याकडून एवढं गोड बोलणं ऐकलं, त्याला मी शेवटी कडूच बोलले होते.

“व्हय,” मी म्हणाले. “भूक लागती का आता?”

“लई,” ती म्हणाली. “दोन-दोन भाकरी खाते.”

मी हात सोडवून घेतला आणि तिला विचारलं, पुढच्या आसवासाठी बाटली आणलीय का. तिनं आणली नव्हती. मी घरातली एक धुऊन तिच्या नावानं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मनुके आणायला बाजारात पाठवलं.